गळ्यातलं वजन, काठावरचा मोबाइल आणि त्रेचाळीस सेकंद: बडोद्यातल्या तरणतलावातलं एक प्रकरण

मे महिन्यातला रविवार, सकाळी पावणेसातची बॅच. बडोद्यातला २५ मीटर लांबीचा तरणतलाव. उथळ टोकाला १.१ मीटर पाणी, खोल टोकाला २.२ मीटर. उथळ बाजूला लहान मुलांचा वर्ग चालू असल्यामुळे लाइफगार्डचं लक्ष साहजिकच तिकडे. अगदी कडेच्या लेनमध्ये दोघे मावसभाऊ. धाकटा पंचविशीतला, दांडिया बाजारात वाढलेला, लहानपणापासून पोहणारा. डिसेंबरात अंदमानला जाऊन फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकी न लावता एका श्वासात बुडी मारण्याचा, पहिला कोर्स करायचा आणि मग स्पिअरफिशिंग, म्हणजे पाण्याखाली बाणाच्या बंदुकीने मासे मारणं, शिकायचं, असा त्याचा बेत. मोठ्याला तो दादा म्हणतो. दादा उत्तम पोहतो, पण श्वास रोखून पोहणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो ‘सोबत म्हणून’ आलेला.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा अपघातांत ज्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात, त्या एका सकाळीत एकत्र आणून अभ्यासासाठी ते मांडलं आहे. त्यामुळे स्विमिंग पूल कुठला, मुलगा कोणाचा, हे शोधत बसू नये.

बडोद्याच्या माणसाला हा सराव पुलातच करावा लागतो. खंभातचं आखात नकाशावर जवळ दिसतं, पण तिथलं पाणी गढूळ आणि भरती-ओहोटीचा ओघ जबरदस्त. विश्वामित्रीत मगरी. म्हणून अंदमान किंवा मालवणला जायच्या आधीचे सहा-आठ महिने पुलात जातात. दोन मीटर पाण्यात काय होणार, हा भरवसाही तिथेच तयार होतो.

काय घडलं

धाकट्याचं त्या दिवसाचं लक्ष्य होतं एका श्वासात, फिन्स (पायांत घालायचे पंख) लावून, ५० मीटर. आधीचं त्याचं सर्वांत लांब अंतर ४० मीटर. पहिला प्रयत्न नेहमीसारखा: दोन मिनिटं शांत बसून श्वास, मग बुडी. बावीस मीटरच्या आसपास श्वासाची ओढ लागली, पोटाचे पडदे उडायला लागले, तो ३० मीटरवर वर आला. ‘एवढ्या लवकर ओढ लागली तर पन्नास कसे होणार’ म्हणून दुसऱ्या प्रयत्नाआधी त्याने घरात रोज करतो ती भस्त्रिका केली, पंधरा श्वास. ओढ उशिरा लागली, ३५ मीटर झाले. तिसऱ्याला वीस श्वास, ४० मीटर, ओढ अगदी शेवटी. चौथ्याआधी पंचवीस. प्रत्येक दोन प्रयत्नांमध्ये विश्रांती जेमतेम दोन मिनिटांची.

चौथ्या प्रयत्नाआधी त्याने दादाला सांगितलं, “दादा, तू फक्त व्हिडिओ काढ. मी वर आलो की वेळ सांग.” बोटांना मुंग्या येतायत, ओठ बधिर वाटतायत, हेही तो हसत बोलून गेला. व्हिडिओत ते ऐकू येतं.

पुढचा क्रम त्या व्हिडिओवरून अचूक लावता येतो. खोल टोकाकडून निघून तो ३२व्या सेकंदाला उथळ भिंतीला पोचला आणि वळला. इथपर्यंत पाय सुरेख चाललेले. परतीच्या वाटेवर वेग कमी झाला. ५०व्या सेकंदानंतर पायांची लय तुटली, एक फिन दुसऱ्यावर आपटली, मान वर उचलली गेली. ५८व्या सेकंदाला, ४२ मीटरवर, पाय थांबले. चार सेकंदांनी तोंडातून बुडबुड्यांची एक छोटी लड निघाली आणि तो पालथा, हळूच, तळाला टेकला. खोल टोकाची भिंत तिथून आठ मीटर.

दादा चित्रण करत राहिला. एक मिनिट एकविसाव्या सेकंदाला त्याचा आवाज येतो: “बघ, काय टिकवतोय!” लगेच पुढे: “अरे ए, वर ये ना.” अठ्ठाविसाव्या सेकंदाला मोबाइल काठावर पडतो, कॅमेरा आकाशाकडे; इथून पुढे फक्त आवाज आहेत. उडी. एकेचाळिसाव्या सेकंदाला पाणी फुटल्याचा आणि दादाच्या धापेचा आवाज. म्हणजे पाय थांबल्यापासून बेशुद्ध अवस्थेत पाण्याखाली गेलेले सेकंद त्रेचाळीस.

वर आणल्यावर धाकट्याचा चेहरा पुन्हा पुन्हा पाण्यात जात राहिला, कारण गळ्यात दोन किलोचं वजन होतं आणि ते सुटेना. लाइफगार्ड रेस्क्यू ट्यूब घेऊन पोचला, दोघांनी मिळून त्याला काठावर घेतलं: २ मिनिटं २० सेकंद. कुणीतरी काका ओरडले, “आधी पोट दाबा, पाणी काढा! उलटा धरा त्याला!” लाइफगार्डने ऐकलं नाही. मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडाने श्वास. तिसऱ्या श्वासाला खोकला आला, पाणी आलं, आणि मग तो आवाज, घरघरत आत ओढलेल्या हवेचा. १०८ला फोन झाला होताच. इस्पितळात फुप्फुसात थोडं पाणी गेल्याचं दिसलं, ऑक्सिजन लावला, दोन रात्री देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं.

तो वाचला यात लाइफगार्डच्या त्या तीन श्वासांचा वाटा सर्वांत मोठा. बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकलेली होती.

त्या पंचवीस श्वासांनी काय केलं

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवतात. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो; तो पन्नाशीकडे गेला की ओढ असह्य होते. ऑक्सिजन उतरल्याची जाणीव मात्र फार मंद. ज्याला ओढ लागत नाही त्याला आपण बेशुद्धीच्या उंबरठ्यावर आहोत हे कळायला दुसरा मार्गच नाही.

भस्त्रिकेसारखे जोरदार, भरभर श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर जातो; वीस-पंचवीस श्वासांत तो पंचविशीपर्यंतही खाली येऊ शकतो. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही, कारण स्वस्थ बसलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. फुप्फुसातल्या हवेत थोडी भर पडते, इतकंच. याचा अर्थ टाकीत पेट्रोल तेवढंच, फक्त काटा ‘भरलेली’ दाखवत अडकवून ठेवला. बोटांना मुंग्या आणि ओठांची बधिरता ही कार्बन डायऑक्साइड फार खाली गेल्याची उघड खूण. ती आली की बुडी रद्द, पाच मिनिटं काठावर साधे श्वास. धाकट्याने ती खूण सांगितली, पण ती खूण आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

चारही प्रयत्न शेजारी ठेवून पाहा. ओढ पहिल्यांदा २२ मीटरवर, मग उशिरा, मग अगदी शेवटी, चौथ्यांदा लागलीच नाही. त्याला ही प्रगती वाटली. एका सकाळीत कुणाची सहनशक्ती अशी वाढत नसते. धोक्याची घंटा दर खेपेला पुढे ढकलली जात होती, आणि ४२ मीटरवर ती वाजायच्या आत ऑक्सिजन संपला. त्यात दोन-दोन मिनिटांच्या विश्रांतीत पाय थकलेलेच राहिले, आणि थकलेल्या पायांनी रेटा लावला की ऑक्सिजन आणखी भरभर जळतो.

हे शास्त्र काही नवं नाही. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच, भरभर श्वास घेऊन पाण्याखाली पोहणारे कसे बेशुद्ध होतात, हे मांडलं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या १९८८ ते २०११ या काळातल्या अशा १६ घटना प्रसिद्ध केल्या. त्यांतले चौघे दगावले. अशा घटनांत सापडणारी माणसं बहुधा चांगली पोहणारी असतात, आणि म्हणूनच कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नसतं.

प्राणायामाबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण मराठी घरांत तो जिव्हाळ्याचा विषय आहे. सतरंजीवर बसून भस्त्रिका करून कुंभक धरला आणि चक्कर आली, तर माणूस सतरंजीवर कलंडतो आणि श्वास आपोआप सुरू होतो. पाण्यात तोच आपोआप येणारा पहिला श्वास पाणी आत ओढतो. भस्त्रिका, कपालभाती, कुंभक यांचा कुठलाही प्रकार पाण्याजवळ नको: पुलात नाही, विहिरीवर नाही, बाथटबमध्येही नाही. पाण्यात उतरण्याआधी चालतो तो एवढाच क्रम: दोन मिनिटं पोटाने सावकाश श्वास, चार-पाच सेकंद आत, आठ-दहा सेकंद बाहेर, अंग सैल, मग एक पूर्ण उच्छ्वास, एक पूर्ण श्वास, आणि बुडी. दोन-तीनपेक्षा जास्त खोल श्वास लागतायत असं वाटलं, तर त्या दिवशी ते अंतर आपलं नाही.

काठावरचा दादा

धाकटा एकटा नव्हता, असं घरचे म्हणत राहिले. तो एकटाच होता. कोरड्या काठावर, हातात मोबाइल, डोळा पडद्यावर, आठ-दहा मीटर अंतर, आणि काय पाहायचं हे माहीत नाही: अशा माणसाला जोडीदार म्हणत नाहीत. दादाचं प्रेम किंवा पोहणं यात कमी नव्हतं, त्याला काम चुकीचं दिलं गेलं. ‘फक्त व्हिडिओ काढ’ या तीन शब्दांनी त्याला प्रेक्षक केलं.

पुलात लांबवर पोहणाऱ्याचा जोडीदार पाण्यातच असतो. मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन्स लावून पाण्यावर पालथा, पोहणाऱ्याच्या किंचित मागे आणि बाजूला, हात लांबवला की खांदा सापडेल इतक्या अंतरावर. नजर त्याच्या पायांवर, मानेवर आणि तोंडावर. वेग अचानक घटला, लय तुटली, मान वर गेली, बुडबुडे निघाले: यांतली एकही खूण दिसली की विचारायचं नाही, उचलायचं. धाकट्याच्या व्हिडिओत या चारही खुणा बेशुद्धीच्या आठ सेकंद आधीपासून चार सेकंद नंतरपर्यंत ओळीने दिसतात. पाण्यातल्या, शिकवलेल्या जोडीदाराने त्याला ६०व्या सेकंदाला वर आणलं असतं आणि फुप्फुसात थेंबही गेला नसता. कारण बेशुद्ध होताच घशाचं दार बहुधा काही काळ मिटतं, ते सैल पडायच्या आत तोंड हवेत आलं तर फुप्फुस कोरडं राहतं.

उचलायची रीत अशी. मागून किंवा बाजूने काखेत हात घालायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने हनुवटी आणि तोंड झाकून मिटलेलं ठेवायचं आणि वर यायचं. मास्क वर येईपर्यंत काढायचा नाही. वर आलं की त्याला उताणा करायचा, एक हात मानेखाली, मास्क ओढून काढायचा. मग तीन गोष्टी: डोळ्यांभोवती फुंकर, गालावर थाप, कानाशी नाव घेऊन हाक, “श्वास घे!” फुंकर, थाप, हाक. चेहऱ्यावर पाणी आहे तोवर शरीर श्वास अडवून धरतं. फुंकरीने तिथे हवा असल्याची वर्दी जाते. बहुतेक जण या टप्प्यावर एक झटका देऊन श्वास घेतात. दहा सेकंदांत घेतला नाही तर तिथेच, पाण्यात, तोंडाने दोन श्वास द्यायचे आणि मगच काठाकडे ओढायचं. दादाने आधी काठ गाठायचा प्रयत्न केला, त्या झटापटीत जवळजवळ चाळीस सेकंद गेले.

दुसरं एक: वर आलेला माणूस शुद्धीत आहे म्हणून नजर काढायची नाही. पहिला श्वास घेतल्यावर ती हवा फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि त्या काही सेकंदांतही माणसं हसत हसत मागे कोसळतात. म्हणून वर आल्यानंतर पूर्ण तीस सेकंद डोळे त्याच्या ओठांवर. ओठ निळसर, मान डुगडुगते, हातपाय थरथरतात, प्रश्नाला उत्तर नाही: लगेच धरायचं. पोहणाऱ्याचं काम या वेळात एकच, वरचे श्वास नीट घेणं. फूऽऽ करून सगळी हवा सोडायची नाही. थोडी सोडायची, पटकन भरून घ्यायची, एक-दोन सेकंद धरायची, पुन्हा थोडी सोडायची. असे निदान तीन ते पाच श्वास. वर आल्या आल्या छाती पूर्ण रिकामी केली तर उरलासुरला ऑक्सिजनही निघून जातो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वर आलेल्याला पंधरा सेकंदांच्या आत मास्क काढून, बोटांनी खूण करून ‘मी ठीक आहे’ म्हणावं लागतं. घरच्या सरावातही तोच नियम पाळावा: हे तिन्ही नीट झालं नाही तर अंतर मोजायचंच नाही.

गळ्यातलं वजन

हे वजन धाकट्याने स्वतः केलेलं. सायकलची जुनी ट्यूब, आत शिशाचे छर्रे, दोन्ही टोकं दुमडून वर इलेक्ट्रिकची काळी टेप, आणि गळ्यात पुढच्या बाजूला नायलॉनच्या दोरीच्या दोन गाठी. जगभर लोक असंच बनवतात आणि कल्पना वाईट नाही. श्वासाने भरलेली छाती वर ढकलते, गळ्यातलं वजन शरीर आडवं राखतं. चूक त्या गाठींत. ओली नायलॉनची गाठ ओढ बसून दगडासारखी होते. दादाच्या नखांखाली टेपचे काळे तुकडे निघाले, गाठ सुटली नाही.

गळ्यातलं असो वा कमरेचं, वजन एका हाताने, न बघता, एका ओढीत सुटलं पाहिजे. गळ्यासाठी शाळेच्या दप्तराला असतो तसला चिमटीत दाबायचा प्लास्टिकचा बक्कल पुरतो. समोर, हनुवटीखाली, आणि पट्ट्यात दोन बोटं सहज जातील इतकी सैल. कमरेला कापडी पट्ट्यापेक्षा रबरी बरा, कारण खोलवर पोट आवळलं गेलं तरी तो सरकत नाही. बक्कल उजव्या हाताने सुटेल असं, आणि जोडीदाराला ते कसं सुटतं हे पाण्यात उतरण्याआधी करून दाखवलेलं. बेशुद्ध माणूस वर येत नसेल तर पहिली कृती वजन टाकणं. शिसं पुन्हा मिळतं.

किती वजन हेही महत्त्वाचं. सामान्य उच्छ्वास सोडून पाण्यावर उभं तरंगलं तर नाक-तोंड पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. गोड्या पाण्यात शरीर कमी तरंगतं: साधारण ७० किलोच्या माणसाला समुद्रात जेवढं वजन लागेल त्यापेक्षा पुलात जवळपास पावणेदोन किलो कमी पुरतं. समुद्रासाठी वाचलेला आकडा बडोद्याच्या पुलात तसाच वापरला की माणूस तळाला जातो, धाकटा गेला तसा.

पाण्याबाहेर

पोट दाबा, उलटा धरा, गोल फिरवा: आपल्याकडे बुडालेल्या माणसाभोवती जमलेल्या गर्दीत हे हमखास ऐकू येतं. पोट दाबल्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि तेवढा वेळ मेंदू ऑक्सिजनवाचून राहतो. बुडालेल्याला पहिली गरज हवेची. मान मागे, हनुवटी वर, आधी श्वास (दोन, युरोपातल्या पद्धतीत पाच), मग श्वास आणि हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. तोंडात फेस आला तरी पुसत बसू नये. श्वास परत आला की कुशीवर. आणि अशा प्रसंगानंतर पोरगा उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी इस्पितळ. पाणी आत गेलेलं असेल तर काही तासांनी खोकला, धाप, छातीत जडपणा सुरू होतो. त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरणं तर नाहीच.

हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ला बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर या शहरात लाइफ जॅकेटचं महत्त्व कुणाला समजवावं लागत नाही. पोहता येणाऱ्या माणसाच्या बुडण्याबद्दल मात्र पुलावरच्या पाट्यांवर अजून ओळसुद्धा नसते.

हेच समुद्रात, हातात स्पिअरगन असताना

पुलातली चूक समुद्रात नेली तर तिच्यात दाबाची भर पडते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, म्हणून फुप्फुसात अवघा पाच टक्के ऑक्सिजन उरला तरी त्याचा दाब ०.१० बार भरतो. मेंदू चालतो, शिकारी आरामात असतो. तोच माणूस वर आला की तो दाब ०.०५ बारवर येतो, जिथे शुद्ध टिकत नाही. तळाशी ठीक वाटणं याचा म्हणूनच काही अर्थ नसतो, आणि बेशुद्धी बहुधा शेवटच्या दहा मीटरमध्ये किंवा थेट पाण्यावर येते. जोडीदाराने खाली पाहत बसण्यापेक्षा हा टप्पा पकडायचा असतो: वर येणाऱ्याला अर्ध्या वाटेवर गाठून त्याच्यासमोर वर यायचं.

नियम ‘एक खाली, एक वर’. दोघांत एकच बंदूक ठेवली की हा नियम आपोआप पाळला जातो; दोन बंदुका म्हणजे दोन एकटे शिकारी. जोडीदाराला तुमच्या खोलीपर्यंत बुडी मारता आली पाहिजे, नाहीतर तुमची खोली त्याच्याइतकीच. कोकण किनाऱ्यावर पाण्यात अनेकदा तीन-चार मीटरपर्यंतच दिसतं. जोडीदार वरून दिसेनासा झाला की तिथे आपली खोली संपते, मासा कितीही खाली असो. दोन बुड्यांमधली विश्रांती बुडीच्या वेळेच्या निदान दुप्पट. दीड मिनिट खाली, तर तीन मिनिटं वर, आणि वरची मिनिटं मोजायची जबाबदारी जोडीदाराची. बुडी मारताना स्नॉर्केल तोंडातून काढायचं. बेशुद्धीत तेच पाण्याची नळी होतं.

अपघाताची एक नेहमीची गोष्ट गोब्रा या माशाची. गोब्रा बाण लागताच कपारीत शिरतो, कल्ले फुगवून अडकून बसतो. शिकारी ओढत राहतो, आणि ठरवलेला वेळ तिथे उलटतो. यावर उपाय बंदूक सोडून देणं. बंदूक दोरीने पाण्यावरच्या तरंगत्या बोयाला बांधलेली असते ती त्यासाठीच. वर या, श्वास घ्या, तीन मिनिटं थांबा, मग दोरीवरून परत जा. बोयावर झेंडा हवा, म्हणजे होड्या लांबून जातील. दंडाला किंवा पोटरीला छोटी सुरी हवी, कारण दोरी आणि टाकून दिलेली जाळी पायांत गुंततात. बंदूक पाण्यातच भरायची, होडीत चढण्याआधी पाण्यातच रिकामी करायची, टोक कधीही माणसाकडे नाही, सेफ्टी लावलेली असली तरीही.

अनुभव या सगळ्याला पर्याय नाही. नतालिया मोलचानोवा या रशियन फ्रीडायव्हरने २०१३ मध्ये एका जागी नऊ मिनिटं दोन सेकंद श्वास धरून विक्रम केला होता. २ ऑगस्ट २०१५ला, स्पेनमधल्या फोरमेंतेराजवळ, शिकवणीच्या वेळी मारलेल्या तीस-चाळीस मीटरच्या, तिच्यासाठी किरकोळ अशा बुडीतून ती वर आली नाही. मृतदेहही सापडला नाही.

बदललेला रविवार

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरची, दीड महिन्यानंतरची मांडणी अशी. श्वास रोखण्याचा लांबचा सराव आता जमिनीवर, पलंगावर आडवं पडून: स्वतःच्या सर्वाधिक वेळेच्या निम्मा वेळ श्वास धरायचा, असे आठ फेरे, पहिली विश्रांती दोन मिनिटं आणि दर फेरीला पंधरा सेकंदांनी कमी. ओढ सोसायची सवय यातूनच होते आणि बुडायला पाणीच नसतं. पुलात फक्त तंत्र: सर्वाधिक अंतराच्या साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २५ मीटर, फिन्सची लय आणि वळण. लांब प्रयत्न आठवड्यातून एकच, प्रशिक्षित जोडीदार शेजारी असतानाच, आणि तोही ओढ न लागता पार पडला तर फसलेला मानायचा. ओढ कुठल्या मीटरला लागली हे वहीत लिहायचं. ती उशिरा लागायला लागली की श्वास तपासायचा.

पाण्यात उतरण्याआधी लाइफगार्डकडे जाऊन सांगायचं: आम्ही कडेच्या लेनमध्ये आहोत, एक खाली एक वर, पोहणारा तळाशी पाच सेकंद निश्चल दिसला तर शिट्टी वाजवा. आम्ही मजा करतोय असं समजू नका. मुलांचा वर्ग असेल त्या वेळी सराव नाही.

मोबाइल लॉकरमध्ये. दादाने मास्क आणि फिन्स घेतल्या. प्रत्येक रविवारी पहिला अर्धा तास पोहणं नाहीच, फक्त उचलणं: धाकटा कुठल्याही क्षणी, न सांगता, सैल पडतो, दादाने काखेत हात, तोंड मिटून, वर, वजनाचा बक्कल, मास्क, फुंकर, थाप, हाक. मग अदलाबदल, कारण समुद्रात दोघांपैकी कुणावरही वेळ येऊ शकते. पहिल्या रविवारी पाय थांबल्यापासून फुंकरीपर्यंत दादाला एकोणीस सेकंद लागले, त्यातले सहा नव्या बक्कलावर, कारण तो डाव्या बाजूला सरकला होता. पट्टा दोन सेंटिमीटरने आखूड केला. चौथ्या रविवारी सात सेकंद.